हलकी बंदूक, जड धक्का

रुद्रप्रयागजवळ, जोशीमठकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुलाबराय नावाची जागा आहे. तिथं जिम कॉर्बेटचा अर्धपुतळा आहे. आमच्या कॉन्व्हॉयच्या गाड्या तिथं थांबत नाहीत, पण या पोस्टिंगमध्ये रजेवर जाता-येता मी दोनदा उतरून पाहिलं. १९१८ ते १९२६ या काळात एका नरभक्षक बिबट्यानं या पट्ट्यात सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेकरूंची हीच पायवाट. १९२६ च्या मे महिन्यात एका रात्री आंब्याच्या झाडावर बसून कॉर्बेटनं त्याला टिपलं. तिथं येणारे लोक बिबट्याच्या गोष्टी करतात. माझं कुतूहल मात्र कॉर्बेटच्या हातातल्या रायफलीबद्दल आहे, आणि त्याला एक ताजं कारण आहे. ते पुढं येईल.

कॉर्बेटकडे दोन प्रसिद्ध रायफली होत्या. एक जेफ्री कंपनीची .४५०/४०० दुनळी. दुसरी लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५, माउझर पद्धतीची बोल्ट-ॲक्शन. १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारल्याबद्दल ही दुसरी त्याला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी भेट दिली. तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी दस्त्यावर आहे. .२७५ हे इंग्रजी नाव. काडतूस मूळचं जर्मन, ७ बाय ५७ मिलिमीटर, १८९२ सालचं, म्हणजे खरं तर फौजेसाठी बनलेलं. रायफलीचं वजन सव्वातीन किलोच्या आसपास. दुनळी तिच्यापेक्षा किमान दीड किलोनं जड.

दीड किलो म्हणजे काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा दीड किलोचा दगड पिशवीत घालून हजार मीटर चढून बघावं.

हलक्या रायफलीचं मोल कॉर्बेटनं स्वतःच सांगून ठेवलं आहे. एप्रिल १९३० मधली चौगढच्या वाघिणीची हकिगत बऱ्याच वाचकांना माहीत असेल. त्याच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती आणि रायफल एकट्या उजव्या हातात, छातीवर तिरपी. खडकाला वळसा घालून त्यानं मागं पाहिलं तर वाघीण अवघ्या काही फुटांवर. तिची नजर न मोडता त्यानं एका हातानं रायफल इंच-इंच फिरवली आणि तशीच झाडली. आपण का वाचलो, याची जी कारणं तो देतो त्यात हातातली रायफल हलकी होती, हे एक आहे. पाच किलोची दुनळी एका हातानं अशी फिरवता आली नसती.

हे वाचून माणसं हलक्या रायफलीच्या प्रेमात पडतात, आणि हलकेपणाची किंमत कुठं मोजावी लागते ते विसरतात. ती खांद्यावर मोजावी लागते.

हिशेब सोपा आहे. गोळी पुढं जाते तेवढाच रेटा रायफल मागं देते. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, अधिक जळालेल्या दारूचं वजन गुणिले तिच्या वायूचा वेग; ही झाली धक्क्याची बेरीज. दारूचा भाग बहुतेक जण धरतच नाहीत. काडतुसात तीन ग्रॅमभर दारू असते, पण तिचा वायू गोळीच्याही पुढं, सेकंदाला हजाराहून जास्त मीटरनं नळीबाहेर पडतो. साधारण शिकारी रायफलीत धक्क्याचा तिसरा हिस्सा या वायूचा असतो. आता ही बेरीज ठरलेली. रायफल जड असेल तर ती हळू मागं येते, हलकी असेल तर जोरात. वजन निम्मं केलंत तर मागं येण्याचा वेग दुप्पट आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट. यातून सुटका नाही.

काही आकडे मी स्वतः वहीत मांडले. ढोबळ आहेत, पण तुलनेला पुरतात. आमची इन्सास, ५.५६ मिलिमीटरची, चार ग्रॅमची गोळी, चार किलोच्या पुढचं वजन: धक्का चार ज्यूलच्या आसपास. जुनी ७.६२ ची एसएलआर, साडेनऊ ग्रॅमची गोळी, वजन साडेचार किलोच्या जवळ: सोळा ज्यूल. कॉर्बेटची .२७५, नऊ ग्रॅमची म्हणजे १४० ग्रेनची गोळी: वीस ज्यूल. म्हणजे एसएलआरपेक्षा हलकी गोळी असूनही धक्का जास्त, कारण रायफल किलोभरानं हलकी. आणि त्याची दुनळी, सव्वीस ग्रॅमची गोळी: पंचेचाळीसच्या पुढं.

.२७५ चा धक्का कोणाही धडधाकट माणसाला सहन होण्यासारखा आहे. गोळी मध्यम, रायफल हलकी पण अगदीच काडी नाही. या काडतुसात त्या काळी १७५ ग्रेनची लांबोडकी गोळीही मिळे. तिचा धक्का थोडा जास्त, वेग कमी, पण मांसात खोल जाण्याची ताकद मोठी. लांब सडपातळ गोळी खोल का जाते? हातोडा आणि दाभण आठवा. वजन तेच असलं तरी ज्याचं तोंड निमुळतं ते आत घुसतं. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्यानं हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले पुष्कळसे याच .२७५ मधल्या लांब, भरीव गोळीनं. यावरून ‘बोअर छोटा असला तरी काय बिघडतं’ असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात. बेलला हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठं असतो ते पाठ होतं, कुठल्याही कोनातून. आपल्याला नसतं.

आता फौजेत या. आमच्या आधीच्या पिढ्यांनी .३०३ चालवली. त्याच ली-एनफिल्डची जंगलात वापरायला एक आखूड आवृत्ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी काढली होती, नंबर ५, जिला जंगल कार्बाइन म्हणतात. नळी कापली, लाकूड छाटलं, सव्वातीन किलोवर आणली. काडतूस मात्र तेच, १७४ ग्रेनच्या गोळीचं. धक्का इतका वाढला की दस्त्याला रबराची पट्टी बसवावी लागली, आणि ती पट्टी एवढी अरुंद की जुने लोक म्हणत त्यापेक्षा लाकूड बरं. शिवाय तिचं झिरो टिकत नाही, अशी तक्रार कायम होती. वाहायला छान, झाडायला नकोशी. वजन कमी करताना काडतुसाकडं पाहिलं नाही की काय होतं त्याचा हा नमुना.

माझ्या बॅचनं खडकवासल्याहून बाहेर पडून पलटण गाठली तेव्हा हातात इन्सास आली. तिच्यावर कितीही टीका करा, धक्का नावाला होता. नवा रिक्रूट पहिल्या दिवशी घाबरायचा तो आवाजाला, खांद्याला नव्हे. मग २०१९ नंतर सीमेवरच्या पलटणींत सिग ७१६ येऊ लागल्या, पुन्हा ७.६२. मारक ताकद हवी होती, ती मिळाली. पण रेंजवर एक गंमत पाहिली. गंमत म्हणतो, तेव्हा ती गंमत नव्हती. इन्सासवर शंभर मीटरला वाटीत मावेल एवढं ग्रुपिंग देणारा एक पोरगा, काटक, पंचावन्न किलोचा, नव्या रायफलीवर पार विस्कटला. गोळ्या खाली आणि डावीकडं. रायफल बदलून पाहिली, झिरोइंग पुन्हा केलं, तेच.

आमच्या उस्तादानं काही न बोलता त्याच्या मॅगझिनमध्ये तीन खरे आणि दोन डमी राउंड उलटसुलट भरून दिले. डमीवर ट्रिगर दाबला, आवाज झाला नाही, धक्का आला नाही, पण नळी मात्र दोन बोटं खाली गेली. आजूबाजूला सगळ्यांना दिसलं. धक्का यायच्या आधीच पोराचा खांदा त्याला सामोरा जात होता. बिचकणं म्हणतात ते हेच. हे डोक्यातून होत नाही, म्हणून ‘घाबरू नको’ म्हणून जात नाही. शरीर स्वतः शिकतं आणि स्वतःच विसरावं लागतं. उस्तादानं त्याला आठवडाभर फक्त डमीवर ठेवलं, मग दहात एक खरा, मग तीन. महिन्यानं पोरगा सुधारला. दस्त्याची लांबीही एक खाच कमी केली. जाड कोट आणि जॅकेट घातलं की खांदा तेवढाच पुढं सरकतो, रायफल लांब वाटते, मग दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता कडेवर बसतो आणि दुप्पट लागतो. थंडीच्या पोस्टिंगमध्ये ही बाब कोणी सांगत नाही.

ही नळीवर वायूनं चालणारी रायफल होती, चार किलोच्या जवळची. तिच्यात धक्का थोडा पसरून येतो. बोल्ट-ॲक्शनमध्ये तीही सवलत नाही, सगळा एकदम येतो.

आता ते ताजं कारण.

मी लेफ्टनंट म्हणून पलटणीत आलो तेव्हा माझ्या प्लाटूनचे जे नायब सुभेदार होते, ते पुढं सुभेदार होऊन निवृत्त झाले. पौडीच्या बाजूला, रस्त्यापासून दीड तास वर त्यांचं गाव. वय एकसष्ट. गावातली अर्धी घरं बंद, पोरं देहरादून-दिल्लीला. पडीक शेतांत झुडपं माजली आणि त्यात रानडुकरं. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, आणि बटाटा. दोन्ही रात्रीत उखडून टाकतात. डुकरांच्या मागं गुलदार येतो. इकडं बिबट्याला गुलदार म्हणतात. गेल्या वर्षी शेजारच्या गावात गवत कापणाऱ्या एका बाईवर त्यानं झडप घातली. ती वाचली, पण हात गेला.

शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे आणि ती बंदच असावी असं माझं मत आहे. पण त्याच कायद्यात, जनावर माणसाच्या जिवावर उठलं किंवा पिकाचा नाश करू लागलं, तर वनखात्याच्या लेखी परवानगीनं ते मारता येतं. उत्तराखंडात रानडुकराला २०१६ मध्ये काही काळापुरतं उपद्रवी जनावर म्हणून जाहीरही केलं होतं. अशी परवानगी आली की गाव कुणाकडं पाहतं? ज्याच्याकडं परवान्याची बंदूक आहे आणि जो फौजेत होता त्याच्याकडं. सुभेदारसाहेबांना नाही म्हणता येत नाही.

त्यांच्याकडं वडिलांच्या वेळची .३१५ आहे, ऑर्डनन्स फॅक्टरीची. फौजेचा बोअर, म्हणजे .३०३ किंवा ७.६२, सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणून आपल्याकडं खेडोपाडी ही.३१५ दिसते. जवळजवळ सोळा ग्रॅमची, संथ, बोथट गोळी. जवळून काम करते, लांबवर फार झुकते. नळी झिजली आहे. ती बदलून .३०-०६ घ्यावी असा त्यांचा विचार, आणि कोणीतरी त्यांना एक अतिशय हलकी विलायती रायफल सुचवली होती, दुर्बिणीसकट तीन किलोची. मला फोनवर विचारलं, ‘साब, घुटने जवाब दे गए. तीन किलो वाली ले लूँ?’

ज्या माणसानं मला नळी कशी पुसायची हे शिकवलं तो मला रायफलीबद्दल विचारतोय. रजेत मी त्यांच्याकडं गेलो, अंगणात बसून वही काढली.

.३०-०६ मध्ये १५० ग्रेन आणि १८० ग्रेन, दोन्ही गोळ्या सहज मिळतात. चार किलोच्या रायफलीत १८० ग्रेनचा धक्का पंचवीस ज्यूल, १५० चा बावीस. तीन किलोच्या रायफलीत १८० चा तेहतीसच्या वर, १५० चा एकोणतीस. म्हणजे गोळी ३० ग्रेननी हलकी केली की धक्का आठवा हिस्सा कमी होतो. रायफल किलोभर हलकी केली की तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो. गोळी बदलून जे वाचतं त्याच्या दुपटीहून जास्त रायफल बदलून जातं. सुभेदारसाहेबांनी आयुष्यभर एसएलआर चालवली, सोळा ज्यूलची. तीन किलोची .३०-०६ म्हणजे तिच्या जवळजवळ दुप्पट, तीही एकसष्टाव्या वर्षी.

त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचार केला आणि म्हणाले, सहन होईल. मला शंका नव्हती. पण प्रश्न सहन होण्याचा नाही. रानडुकराला किंवा गुलदारला एकच गोळी मिळते असं धरून चालत नाही. पहिली गोळी इकडंतिकडं लागली तर दुसरी किती लवकर येते यावर सगळं. तीन किलोची रायफल तेहतीस ज्यूलनं उसळली की नळी आभाळाकडं, डोळा दुर्बिणीतून बाहेर, आणि जनावर झुडपात. शिवाय चढून धापा टाकत असताना हलकी नळी छातीच्या ठोक्याबरोबर डुलते. जड नळी स्वतःच्या वजनानं थोडी थांबते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिचा धक्का नको वाटतो त्या रायफलीचा सराव माणूस करत नाही. काडतुसं महाग, मिळतात मोजकी. त्यातली चार सरावाला झाडायची तर खांद्यानं ‘हो’ म्हटलं पाहिजे.

जखमी जनावर सुटलं तर काय होतं हे या डोंगरात सांगावं लागत नाही. चंपावतची वाघीण, जिच्या नावावर ४३६ माणसं लागली, तिचे उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे जुन्या गोळीनं मोडलेले होते. कुणीतरी, कधीतरी, एक गोळी तोंडावर मारली आणि घरी गेला. नेहमीचं भक्ष्य मारता येईना म्हणून ती माणसांकडं वळली, असं कॉर्बेटनंच लिहून ठेवलं आहे. ती गोळी कोणाची, कसली, माहीत नाही.

मी म्हटलं, मग जड घ्या आणि वर चढताना पुतण्याकडं द्या. कॉर्बेटसुद्धा दुसरी रायफल माणसाकडं देत असे. सुभेदारसाहेब माझ्याकडं असे पाहत राहिले की मी पुन्हा लेफ्टनंट झालो. ‘साब, अपना हथियार दूसरे के हाथ में?’ विषय संपला.

मग आम्ही मधली वाट काढत बसलो. चांगले दोन तास गेले, चहाचे तीन ग्लास. दुर्बीण नकोच, असं त्यांनी ठरवलं. शेतातलं अंतर साठ-सत्तर मीटरच्या पुढं जात नाही, साधी शिस्त पुरे. दुर्बीण आणि तिच्या कड्या म्हणजे अर्धा किलो. तो अर्धा किलो लाकडात आणि नळीत राहू द्यायचा. म्हणजे रायफल साडेतीनच्या थोडी पुढं, गुडघ्यांना जेमतेम चालेल एवढी, खांद्यालाही. गोळी १५० ग्रेनची, पण पातळ आवरणाची नव्हे. डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थराची ढाल असते, पातळ गोळी तिथंच फुटते आणि आत जात नाही. १८० आणखी खोल गेली असती हे खरं. पण त्या अंतरावर चांगल्या बांधणीची १५० पुरते, आणि आठवा हिस्सा धक्का वाचतो तो दुसऱ्या गोळीसाठी. दस्त्याला रुंद रबर. नळीच्या तोंडाला ब्रेक लावून धक्का कमी करता येतो, पण तो वायू बाजूला फेकतो आणि आवाज असा की शेजारी उभ्या पुतण्याचे कान जातील. ते मी काढून टाकलं.

गुलदारसाठी हे पुरेसं आहे का, असं त्यांच्या पत्नीनं आतून विचारलं. गुलदार डुकराहून हलका असतो, साठ-सत्तर किलोचा नर म्हणजे मोठा. त्याला जड गोळी लागत नाही, जागेवर लागते. कॉर्बेटनं रुद्रप्रयागला १२५ माणसं मारणाऱ्याला त्या .२७५ नंच मारलं. मी तसं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटतं त्यांचा प्रश्न गोळीबद्दल नव्हता.

नवा बोअर परवान्यावर चढवायचा अर्ज जिल्हा कार्यालयात चार महिने पडून आहे. तोवर सुभेदारसाहेब रोज संध्याकाळी .३१५ रिकामी करून, नळीवर पाच रुपयांचं नाणं ठेवून, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर ट्रिगर दाबतात. पन्नास वेळा. नाणं पडलं की पुन्हा एकपासून. परवा फोन आला तेव्हा सत्तेचाळीसपर्यंत पोचले होते. यंदाचा मंडुवा मात्र डुकरांनी संपवला आहे.